समजतं सगळं, पण येत काहीच नाही

"ताई, मी स्टॅटिस्टिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क्स कायम चांगले. सुट्टीत दोन महिने इंटर्नशिप केली. दुसऱ्याच दिवशी सरांनी एक एक्सेल फाईल दिली, ग्राहकांच्या तक्रारींची, आठ-नऊ हजार ओळी असतील, आणि म्हणाले यात काय दिसतंय ते एका पानात लिहून दे. सुरुवात कुठून करायची तेच कळेना. चार दिवस फाईल उघडून नुसती बसले, कोणी विचारलं की 'चालू आहे सर' म्हणायचे. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच तासाभरात ते पान लिहिलं आणि नंतर मला फक्त फॉरमॅटिंगची कामं दिली. माझ्याकडे ९ ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेट्स आहेत. मी व्हिज्युअल लर्नर आहे, व्हिडिओ बघताना सगळं पटापट समजतं, पण समोर काम आलं की डोकं कोरं. तीन वर्षं वाया गेली का? शेवटच्या वर्षात नेमकी कुठली स्किल्स शिकू? आणि एआय हे सगळं करणारच असेल तर शिकायचं तरी कशाला? ही इंटर्नशिप रेझ्युमेवर लिहू की नको तेही कळत नाहीये."

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की ही मुलगी स्वतःकडे किती स्वच्छ बघतेय. "समजतं पण येत नाही" हे तू एका ओळीत लिहून टाकलंस ना, ते कळायला मला नोकरीची पहिली दोन वर्षं लागली होती. तर आधी तेवढं एक बोलू, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

समजणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या डोक्याला त्यातला फरक आतून कळत नाही. व्हिडिओत शिकवणारा माणूस एकेक पायरी टाकत जातो, प्रत्येक पायरी बरोबर वाटते, आपण मान हलवतो, आणि ते जे सोपं वाटणं असतं ना त्यालाच आपण शिकणं समजतो. पण ती पायरी त्याने टाकली, तू नाही. पुढची पायरी कुठली असा प्रश्न तुला एकदाही पडला नाही कारण तो पडायच्या आत उत्तर समोर आलं. सरांनी फाईल दिली तेव्हा पहिल्यांदाच तुला पायरी निवडायची होती, आणि निवडायचा सराव तुला कोणी दिलाच नव्हता, कॉलेजनेही नाही आणि त्या ९ कोर्सनीही नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. २००८ मध्ये कार्पिकी आणि रोडिगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासकट शिकवले. काही मुलांकडून ते शब्द परत परत आठवून घेतले, आणि काहींचा एखादा शब्द एकदा बरोबर आला की तो परत विचारलाच नाही, त्यातल्या काहींना तो फक्त परत परत दाखवत राहिले. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून आठवून शिकलेल्यांना साधारण ८० टक्के शब्द आले आणि ज्यांची विचारणा थांबली होती त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास, मग त्यांना मधे कितीही दाखवलं असो. पण मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. शिकून झाल्या झाल्या सगळ्यांना विचारलं होतं की आठवड्याने किती येईल, तर सगळ्या गटांनी साधारण निम्मे येतील असंच सांगितलं. म्हणजे ज्यांना भरपूर येणार होतं आणि ज्यांचं विसरलं जाणार होतं, दोघांनाही आतून अगदी सारखंच वाटत होतं! म्हणून म्हणते, तुला वर्गात बसून जे वाटत होतं ते खोटं नव्हतं, फक्त ते मोजमाप चुकीचं होतं आणि ते सगळ्यांचंच चुकतं.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे शिकणं खरंच होत असतं तेव्हा बऱ्याचदा ते शिकल्यासारखं वाटतच नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या पहिल्या पायरीच्या कोर्सवर एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला उत्तम, गुळगुळीत लेक्चर दिलं, दुसऱ्या गटाला तेच गणित, तेच हँडआउट देऊन आधी स्वतः झगडायला लावलं. टेस्टमध्ये झगडलेला गट पुढे गेला, पण किती शिकलात असं विचारल्यावर लेक्चर ऐकलेल्यांनाच आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. तुला त्या चार दिवसांत जे वाटलं, म्हणजे गोंधळ, लाज, काहीच जमत नाही असं, त्यातला गोंधळाचा भाग शिकण्याचाच भाग होता गं, तू फक्त त्या गोंधळात असताना हातपाय हलवले नाहीस, थिजून बसलीस. त्यावर नंतर येते कारण ते वेगळं प्रकरण आहे.

व्हिज्युअल लर्नरचं एक आत्ताच मिटवून टाकू. कोणी व्हिज्युअल, कोणी ऐकून शिकणारा, आणि ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवलं तर जास्त येतं, ही कल्पना जगभर पसरलेली आहे, पण २००८ मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचा पुरावा तपासला तेव्हा त्यासाठी लागणारा धड पुरावा सापडला नाही. तुला व्हिडिओ आवडतात हे खरं असेल, पण आवडणं वेगळं. मला काळजी याची वाटते की ते लेबल लावल्यामुळे तू लिहिणं टाळत असशील, कारण "ते माझ्यासारख्यांसाठी नाही". तर ते लेबल काढून टाक.

आता वाया गेली का. नाही. बघ, तुला मीन (सरासरी) माहितीये, व्हेरिअन्स (आकडे किती विखुरलेत) माहितीये, कोरिलेशन (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात) काढता येतं, रिग्रेशन (बिंदूंमधून रेषा बसवणं) येतं. ही सगळी भांडी तुझ्याकडे आहेत, फक्त कुठलं कधी काढायचं ते हाताला ठाऊक नाही. आणि तुझ्याच विषयात याचं सुंदर उदाहरण आहे. १९७३ मध्ये फ्रान्सिस अॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने ११-११ बिंदूंचे चार छोटे डेटासेट बनवले. चारही मध्ये एक्सचा मीन ९, वायचा मीन साधारण ७.५, कोरिलेशन साधारण ०.८१६, रिग्रेशनची रेषाही जवळजवळ तीच. कागदावरच्या आकड्यांत चौघे जुळे भाऊ. आणि ग्राफ काढला की एक नेहमीसारखा विखुरलेला, दुसरा चक्क वाकलेला, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेला आपल्याकडे खेचतोय, चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेत. तुला हे बहुतेक कधीतरी शिकवलंय, परीक्षेत कदाचित लिहिलंही असशील. मग तक्रारींची फाईल समोर आली तेव्हा पहिलं काय करायचं होतं? ग्राफ काढून बघायचं होतं! महिन्यावार किती तक्रारी, कुठल्या प्रकारच्या जास्त, कुठे एकदम उसळी आहे. उत्तर तुझ्याकडे होतं पण ते "प्रश्न क्रमांक ४, अॅन्सकोमचं महत्त्व सांगा" या कप्प्यात पडून होतं, आणि आयुष्य काही प्रश्न क्रमांक ४ असं विचारत नाही.

म्हणून दहावा कोर्स करू नकोस. निदान पुढचे तीन महिने तरी नको. मला कोर्सचा राग नाही, काही फार मन लावून बनवलेले असतात, पण तुझ्यासाठी कोर्स ही आता लपायची जागा झालीये, तिथे बसलं की काहीतरी चाललंय असं वाटतं आणि कोणी फाईल पुढ्यात टाकत नाही.

त्याऐवजी काय ते सांगते. अभ्यासाचं आधी. वाचून झालं की पुस्तक बंद कर आणि कोऱ्या कागदावर आत्ता वाचलेलं न बघता लिही, आठवेल तसं, मोडकंतोडकं, आकृती काढ, उदाहरण स्वतःचं घाल, पुस्तकातलं नको. मग उघडून बघ काय राहिलं, काय चुकलं. दोन दिवसांनी परत तेच, मग आठवड्याने. एवढंच. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० पद्धतींवरचं संशोधन चाळून काढलं होतं, त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा पसरून करणं या दोन सगळ्यात वर आल्या, आणि हायलायटर मारणं, परत परत वाचणं या खालच्या रांगेत. आणि आपण सगळे करतो काय, तर नेमके खालचेच दोन, कारण त्यात त्रास होत नाही. कोऱ्या कागदाचा पहिला आठवडा तुला भयंकर जाईल, एका पानाच्या वाचनातून चार ओळी आठवतील आणि आपण मठ्ठ आहोत असं वाटेल, तर ते वाटू दे आणि लिहीत राहा, त्या चार ओळी निदान तुझ्या स्वतःच्या आहेत.

मिसळून सराव कर हे अजून एक. पुस्तकात धड्याखालची सगळी गणितं त्याच धड्याची असतात, त्यामुळे कुठली पद्धत वापरायची हा प्रश्न येतच नाही, धड्याचं नाव वर छापलेलं असतं. तू वेगवेगळ्या धड्यांतली दहा गणितं चिठ्ठ्यांवर उतरव, चिठ्ठ्या मिसळ आणि सोडवायच्या आधी फक्त एवढंच लिही की इथे काय वापरायचं आणि का. उत्तर नाही काढलंस तरी चालेल. तुझं जे अडलं ते इथेच अडलं होतं, निवडण्यात.

आता कामाचं. एक उघडा डेटासेट घे, वर्ल्ड बँकेच्या साईटवर ढीगभर आहेत, युसीआय मशीन लर्निंग रिपॉझिटरीवर आहेत, फुकट आहेत. तुझ्या इंटर्नशिपची फाईल मात्र वापरायची नाही, ती त्यांची आहे, त्यात लोकांची नावं-नंबर असणार, ती घरी आणली असशील तर डिलीट कर, हे मी गंभीरपणे सांगतेय. डेटासेट घेतलास की स्वतःला तेच वाक्य म्हण, यात काय दिसतंय ते एका पानात. आणि आठवड्याला एक पान लिही. दोन नाही, एकच, पण पूर्ण.

सुरुवात कुठून करायची तेच कळेना असं तू लिहिलंयस म्हणून थोडं खोलात जाते, कारण हे कोणी सांगत नाही, सगळे गृहीत धरतात. फाईल उघडली की पहिला अर्धा तास कुठलंही गणित करायचं नाही, नुसतं वाचायचं. एक ओळ म्हणजे काय आहे? एक तक्रार की एक ग्राहक? एकच माणूस तीनदा आला असेल तर तीन ओळी आहेत का? तारखा खरंच तारखा आहेत की मजकूर म्हणून पडल्यात, कारण एक्सेलमध्ये तारीख टेक्स्ट असली की सॉर्टिंग भलतंच होतं आणि तुला कळतही नाही. रिकाम्या जागा किती आहेत आणि त्या कुणाच्या आहेत, एकाच शाखेच्या असतील तर तिथे कोणी माहिती भरतच नाहीये आणि तीच कदाचित सगळ्यात मोठी बातमी असेल. एकच प्रकार चार स्पेलिंगने लिहिलाय का? हे झालं की पिव्होट टेबल (एक्सेलमधली गटवार मोजून देणारी सोय) टाकायचं, प्रकारानुसार मोजायचं, महिन्यानुसार मोजायचं, दोन ग्राफ काढायचे. मग स्वतःला विचारायचं की हे पान ज्याच्या हातात जाणार तो उद्या सकाळी काय करणार आहे, कारण त्याच्या कामाचं नसलेलं खरं असलं तरी पानावर जागा खातं. आणि पानाचं पहिलं वाक्य म्हणजे उत्तर. "या अहवालात आपण तक्रारींचा आढावा घेणार आहोत" हे उत्तर नाही, "निम्म्या तक्रारी उशिरा डिलिव्हरीच्या आहेत आणि त्या दोनच महिन्यांत आल्यात" हे उत्तर आहे. कॉलेजात आपल्याला उलटं शिकवतात, प्रस्तावना, मुख्य भाग, निष्कर्ष, आणि निष्कर्ष शेवटच्या पानावर. कामाच्या ठिकाणी शेवटच्या पानापर्यंत कोणी पोचत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या सीनियर बाईंनी माझं एक पान मला पाच वेळा परत दिलं होतं. पहिल्यांदा वर फक्त एवढंच लिहिलं होतं, "मग?" मी रडकुंडीला आले होते. पण पाचव्यांदा ते पान जेव्हा त्यांनी न बदलता पुढे पाठवलं ना, ती गोष्ट मला कुठल्याही डिग्रीपेक्षा जास्त वेळ पुरलीये. तुलाही कोणीतरी "मग?" विचारणारं लागेल. एकटीने लिहून ठेवलेली पानं अर्धीच उपयोगाची. तुझ्या एखाद्या प्रोफेसरांना विचार, आठवड्याला दहा मिनिटं मागायची, मोठं काही नाही. नाहीतर वर्गातली अजून एक जण शोध, जिची अवस्था तुझ्यासारखीच आहे (असतेच, फक्त कोणी बोलत नाही), आणि एकमेकींची पानं वाचा. स्टॅटिस्टिक्स न शिकलेल्या माणसालाही एकदा वाचायला दे आणि त्याला काय समजलं ते सांगायला सांग, तू मधे बोलायचं नाहीस.

आता ते "चालू आहे सर". यावर मला तुझ्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. तुला फाईल जमली नाही याचं त्या सरांना काही फार वाटलं नसणार, इंटर्नला जमत नसतंच, म्हणून तर ती इंटर्न असते. पण चार दिवस त्यांना खरं काय चाललंय ते कळलं नाही, आणि म्हणून त्यांनी पुढची कामं दिली नाहीत. मोठं काम त्या माणसाला देतात ज्याचं अडलं की कळतं. हे निर्दयी वाटेल पण याच्यात तुझ्यासाठी चांगली बातमी आहे, कारण रिग्रेशन शिकायला महिने लागतात आणि हे एका आठवड्यात बदलता येतं.

मी माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना सांगते की अर्धा तास मनापासून प्रयत्न कर आणि तरी अडलं तर विचार, त्याच्या आधी नको आणि त्याच्या फार नंतरही नको. आणि विचारायचं कसं, तर "सर मला जमत नाहीये" असं नाही. असं विचार, "सर, मला तक्रारी प्रकारानुसार मोजायच्या होत्या. प्रकार या कॉलममध्ये एकच गोष्ट चार वेगळ्या नावांनी आहे. मी त्या चार एकत्र करायचा विचार करतेय, पण त्यातली रिफंड आणि रिटर्न ही एकच गोष्ट आहे का ते मला माहीत नाही. तुम्ही सांगाल का?" बघ यात काय आहे, काय करायचं होतं, काय दिसलं, तुला काय वाटतंय आणि नेमकं काय हवंय. असा प्रश्न आला की समोरच्याला मुलगी कच्ची आहे असं वाटत नाही, मुलगी कामात आहे असं वाटतं. त्याला उत्तर द्यायला एक मिनिट लागतो. आणि गंमत म्हणजे असा प्रश्न लिहायला बसलं की निम्म्या वेळा उत्तर लिहितालिहिताच सापडतं.

आपण का विचारत नाही? कारण लहानपणापासून प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला आलं नाही याची कबुली असं डोक्यात बसलंय, आणि मार्क चांगले पडणाऱ्या मुलांच्या डोक्यात ते जरा जास्तच घट्ट बसलेलं असतं. हुशार मुलगी ही ओळख असली की ती सांभाळायला लागते. तुझ्या पत्रात "मार्क्स कायम चांगले" हे दुसऱ्याच वाक्यात आलंय, आणि मला वाटतं फाईलपेक्षा त्या ओळखीनेच तुला चार दिवस गप्प बसवलं.

एआयचं. खरं सांगायचं तर तुझी फाईल आज त्याला दिली तर ते पान ते मिनिटभरात लिहून देईल, वाचायला छान असेल, आणि त्यातलं कुठलं वाक्य चूक आहे ते ओळखायला तुला ते काम स्वतः येत असावं लागेल. शिकताना ते कसं वापरायचं यावर तुर्कस्तानात शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. ज्यांना साधा चॅटबॉट दिला होता त्यांची सरावाची गणितं ४८ टक्क्यांनी सुधारली आणि मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा त्यांना १७ टक्के कमी मार्क पडले. तिसऱ्या गटाला असा चॅटबॉट होता जो उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा, त्यांचं असं नुकसान झालं नाही. परत तेच बघ, उत्तर समोर आलं की आपल्याला आलंय असं वाटतं. म्हणून तुझ्यापुरता नियम असा ठेव की पान आधी तू लिहायचंस, पूर्ण, वाईट असलं तरी, आणि मग त्याला द्यायचं आणि सांगायचं की यातल्या चुका शोध, मला प्रश्न विचार, नवीन लिहून देऊ नकोस. "मग?" म्हणणारं कोणी मिळेपर्यंत तेही चालेल. पण माणूस मिळाला तर माणूस बरा, कारण पुढे तुझं पान माणसंच वाचणार आहेत.

स्किल्सची यादी तू मागितलीस, ती मी मुद्दाम फार देत नाहीये. एक्सेल नीट, डेटाबेसमधून माहिती काढता येईल एवढं एसक्यूएल, आणि पायथन किंवा आर या प्रोग्रामिंगच्या भाषांतलं एक काहीतरी, दोन्ही नको. हे सगळं त्या आठवड्याच्या पानांसाठी लागेल तसं शिक, आधी पूर्ण शिकून मग पान असं नको, तसं केलंस तर पान कधीच येणार नाही. तीन महिन्यांत तुझ्याकडे बारा पानं असतील. पहिली चार टाकून द्यावीशी वाटतील, टाकू नकोस, शेवटच्या चारांशेजारी ठेवून बघायला हवीत.

आणि त्या पानांचं वजन काय असतं ते सांगते. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करायला लागला, शाळा जेमतेमच झालेली. १८१२ मध्ये त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाची लेक्चर्स ऐकायला मिळाली. त्याने टिपणं घेतली, घरी येऊन ती परत नीट लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्याचं पुस्तक बांधलं आणि डेव्हीला पाठवलं. १८१३ मध्ये तो तिथे असिस्टंट म्हणून लागला. मला यातलं ते घरी येऊन परत लिहून काढणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लेक्चर तर हॉलभर लोकांनी ऐकलं होतं.

आता रेझ्युमे. इंटर्नशिप लिही, दोन महिने केलीस, कामं केलीस, खोटं काही नाही त्यात. जे केलं नाहीस ते लिहू नकोस, "कंप्लेंट डेटा अॅनालिसिस" वगैरे अजिबात नको, कारण पहिलाच प्रश्न त्यावर येईल. त्याखाली तुझ्या पानांपैकी सगळ्यात चांगल्या दोनांच्या लिंक दे. आणि इंटरव्ह्यूत कोणी विचारलं की तिथे काय शिकलीस, तर जे मला लिहिलंस ते जसंच्या तसं सांग, चार दिवस थांबले, विचारलं नाही, आता मी असं करते, आणि हे बघा नंतर केलेलं काम. हे सांगताना आवाज थोडा कापेल. कापू दे.

आणि एक गोष्ट राहिली जी तू विचारली नाहीस. त्या सरांशी संपर्क तोडू नकोस. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, त्यात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारा असं सांगणारे सहातला साधारण एक, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलं म्हणणारे. जवळच्या मैत्रिणींना तेच माहीत असतं जे तुला माहीत असतं, लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या जगातली बातमी आणतो. तुझ्याकडे अशी लांबची ओळख सध्या ते सरच आहेत, आणि लाजेपोटी तू त्यांचा मेसेज उघडायचंही टाळत असशील, माझा अंदाज आहे.

आजच लिहू नकोस. आठ पानं झाली की लिही. मेल छोटा ठेव, साधारण असा, "सर, मी मागच्या सुट्टीत तुमच्याकडे इंटर्न होते. तक्रारींचं पान मला तेव्हा जमलं नव्हतं आणि मी ते वेळेवर सांगितलं नाही, त्याबद्दल सॉरी. त्यानंतर मी दर आठवड्याला एका उघड्या डेटासेटवर एक पान लिहितेय. त्यातलं एक सोबत जोडलंय. तुम्हाला दहा मिनिटं मिळाली तर यात काय खटकतंय ते एका ओळीत कळवाल का?" नोकरी मागायची नाही, रेझ्युमे जोडायचा नाही, स्वतःबद्दल अजून काही स्पष्टीकरण नाही. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर आणि मग सोडून दे. आलं, तर त्यांनी जे खटकतंय म्हटलंय ते पान त्याच आठवड्यात परत लिहून पाठव, आणि मलाही पाठव, मला ते वाचायचंय.

तुझी,
ताई